ताप, आकडी आणि ‘अंगाखाली गेलं’: अलाबामातल्या एका काउंटीचा १८५० चा मृत्यूतक्ता

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याच्या कमरेतून काळ्या चिकण मातीचा एक पट्टा जातो. खाली मऊ खडूचा थर, वर कापसाची जमीन, पाऊस झाला की गाडीचं चाक रुतवणारी. विदर्भातल्या शेतकऱ्याला ती फार परकी वाटली नसती. १८५० च्या जनगणनेत अलाबामाची लोकसंख्या ७,७१,६२३ भरली. त्यातली ३,४२,८४४ माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. काळ्या पट्ट्यातल्या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) तर गुलामांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती. हे प्रकरण अशाच एका काउंटीचं आहे. तिचं, मळ्यांचं आणि माणसांचं नाव काढलं आहे. नमुन्यादाखल दिलेल्या ओळींचे तपशीलही ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

राहणी थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढे ती वारंवार लागते. सोळा-अठरा फुटांची ओंडक्यांची खोली, बहुधा मातीची जमीन, एका टोकाला उघडी चूल आणि तेवढ्यात एक अख्खं कुटुंब, कधी दोन. मोठ्या माणसाचा आठवड्याचा शिधा एक पेक, म्हणजे सुमारे नऊ लिटर मापाचं मक्याचं पीठ आणि तीन-साडेतीन पौंड खारवलेलं डुकराचं मांस. ऑगस्टपासून थेट डिसेंबरपर्यंत कापूस वेचणी. नदीकाठी दलदल आणि डास.

मृत्यूची सरकारी नोंद नव्हती. केंटकीने १८५२ मध्ये आणि व्हर्जिनियाने १८५३ मध्ये नोंदणीचे कायदे केले, पण अलाबामात राज्यभरची नोंदणी थेट १९०८ ची. त्यामुळे खेड्यात कोण कशाने मेलं, हे शोधणाऱ्याच्या हाती मुख्यतः एकच कागद येतो: १८५० च्या जनगणनेचा तिसरा तक्ता, मृत्यूंचा. १ जून १८४९ ते ३१ मे १८५० या बारा महिन्यांत घरातलं कोण गेलं, असं प्रगणकाने दारोदार विचारायचं आणि लिहायचं: नाव, वय, लिंग, वर्ण, स्वतंत्र की गुलाम, विवाहित की विधवा, जन्मस्थान, महिना, धंदा, कारण आणि किती दिवस आजारी. १९१८-१९ च्या सुमाराला वॉशिंग्टनच्या कचेरीला हे कागद ठेवायला जागा नकोशी झाली, तेव्हा ते राज्यांना परत देऊन टाकले. म्हणून आज ते राज्यांच्या दप्तरखान्यांत सापडतात.

प्रश्न कुठून सुरू झाला

एका लहान अभ्यासगटाला या काउंटीतल्या मृत्यूच्या कारणांचा साधा तक्ता हवा होता. कशाने किती मेले, गोरे किती, गुलाम किती, एवढंच. त्यांनी पहिल्या फेरीत सरळ मार्ग धरला. कारणाच्या रकान्यातला शब्द घेतला, आयसीडी-१० (रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची दहावी आवृत्ती) मधला जवळचा संकेतांक लावला आणि बेरीज केली.

बेरीज चुकली नव्हती, पण तक्त्यातून चार विचित्र गोष्टी निघाल्या. पहिली, मलेरियाचा मुलूख असूनही काउंटीत माणसं सर्वाधिक मरत होती ती वसंतात. दुसरी, गुलामांच्या तान्ह्या मुलांमध्ये ‘अपघाती गुदमरणं’ गोऱ्यांच्या मुलांपेक्षा कैकपट. तिसरी, ‘दात येणं’ आणि ‘जंत’ हे बालमृत्यूच्या आघाडीच्या कारणांत. चौथी सगळ्यात गंभीर होती: मारहाणीने मेलेला एकही गुलाम नाही.

हा तक्ता असाच छापला असता तर वाचणाऱ्याने काय समजावं? काळ्या आया झोपेत मुलं चिरडतात आणि मालक कुणाला हात लावत नाहीत. १८५० च्या मालकाला नेमकं हेच सांगायचं होतं. गटाने काम थांबवलं ते इथे.

पर्याय

तीन रस्ते होते. एक, जुना शब्द जसाच्या तसा ठेवायचा, आधुनिक नाव द्यायचंच नाही. हे प्रामाणिक आहे, पण शेजारच्या काउंटीशी किंवा १८६० शी तुलना जमत नाही, कारण एक प्रगणक ‘फ्लक्स’ लिहितो तर दुसरा ‘डिसेंट्री’, आणि दोघांना रक्ती हगवणच म्हणायची असते. दोन, आयसीडी-१० चे संकेतांक लावायचे आणि तळटीप टाकायची. पहिल्या फेरीत हेच केलं होतं. तळटीप कोणी वाचत नाही. तीन, जुन्या शब्दांसाठीच वाढवलेली आयसीडी-१०-एच ही पद्धत वापरायची. तीत मूळ संकेतांकाला आणखी अंक जोडून जुना शब्द वेगळा टिकवता येतो. या पद्धतीचा पाया मात्र युरोपातल्या बंदरी शहरांच्या नोंदी आहेत, आणि तिथे बहुतेक ठिकाणी कारण डॉक्टरने लिहिलेलं असतं. इथे ते मालकाने सांगितलेलं आहे.

गटाने तिसरा रस्ता घेतला, पण एक दुरुस्ती करून. संकेतांक फक्त कारणाच्या रकान्यावरून लावायचा नाही. वय, महिना, आजाराचे दिवस आणि सांगणारा कोण, हे चार रकाने आधी वाचायचे आणि कारण शेवटी. शिवाय प्रत्येक ओळीला खात्रीचा दर्जा द्यायचा. शब्दच पुरेसा असेल तर क (गोवर, डांग्या खोकला, भाजणं, बुडणं), बाकीचे रकाने जोडीला घेतल्यावर बोलता येत असेल तर ख, आणि फोडताच येत नसेल तर ग.

ही रीत आपल्याकडे अनोळखी नाही. दाखला नसलेल्या गावात घरच्यांना लक्षणं, दिवस आणि क्रम विचारून मृत्यूचं कारण ठरवायचं, याला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात, आणि बालमृत्यूंसाठी तिचे निकष बांधण्याचं एक महत्त्वाचं काम १९९० च्या आसपास गडचिरोलीत झालं. फरक एवढाच की गडचिरोलीत आईला विचारता येतं. १८५० मध्ये आईला कोणी विचारलंच नव्हतं.

आधी तक्ता नीट उतरवणं

दुसऱ्या फेरीचा पहिला भाग कंटाळवाणा होता, पण अर्ध्याहून अधिक चुका तिथेच सापडल्या.

वय. वर्षाच्या आतलं मूल अपूर्णांकात लिहिलेलं असतं. ३/१२ म्हणजे तीन महिने. उतरवणाऱ्याने तिरकी रेघ सोडली की मूल तीन वर्षांचं होतं, आणि मग ‘अंगाखाली गेलं’ (झोपेत आईखाली गुदमरलं) असं कारण असलेलं तीन वर्षांचं मूल निघतं. काही प्रगणक दिवसांसाठी ७/३० असंही लिहितात. नियम केला: कारण आणि वय विसंगत दिसलं की मूळ पानाचं चित्र पुन्हा उघडायचं.

महिना. रकान्यात फक्त ‘सप्टेंबर’ असतं, साल नसतं. तक्ता १८५० चा म्हणून तयार डेटाबेसमध्ये सगळे मृत्यू १८५० चे होऊन बसतात. जून ते डिसेंबर म्हणजे १८४९, जानेवारी ते मे म्हणजे १८५०. ताळा करायला दोन राष्ट्राध्यक्ष सोयीचे आहेत. जेम्स पोक १५ जून १८४९ ला नॅशव्हिलमध्ये गेले, ते गणनेच्या वर्षात बसतात. झॅकरी टेलर ९ जुलै १८५० ला गेले, ते बसत नाहीत. प्रगणकाला काम संपवायला पाच महिने होते. तो ऑगस्ट-सप्टेंबरात दारात उभा राहिला की घरच्यांच्या डोळ्यांसमोर मागच्याच महिन्यातला मृत्यू असे, आणि तो चुकून आत शिरे. अशा ओळी पकडायला पानाच्या डोक्यावरची भेटीची तारीख पाहावी लागते. भेट सप्टेंबरातली आणि जून-जुलैच्या ओळी नेहमीपेक्षा दाट, तर संशय घ्यायचा.

या दोघांच्या आजारामुळे आणखी एक फरकही नीट समजतो. पोक यांचं कारण कॉलरा दिलं जातं, आणि त्या वर्षी न्यू ऑर्लिन्सहून नदीमार्गे खरी आशियाई पटकी वर सरकत होतीच. टेलर यांचं कारण ‘कॉलरा मॉर्बस’ लिहिलं गेलं, म्हणजे साधा तीव्र जुलाब-उलट्यांचा आजार. तिसरा ‘कॉलरा इन्फँटम’, तो लहान मुलांचा उन्हाळी जुलाब. रकान्यात नुसतं ‘कॉलरा’ लिहिलं असेल तर वय आणि दिवस बघायचे. मोठं माणूस, नदीकाठचा मळा, आजार एक दिवस किंवा त्याहून कमी, त्याच मळ्यावर त्याच आठवड्यात आणखी ओळी: पटकी, संकेतांक ए००. दीड वर्षाचं मूल, जुलै, आजार वीस दिवस: उन्हाळी जुलाब, ए०९.

पहिला निर्णय: वसंतातले मृत्यू

काउंटी वसंतात जास्त मरते, हे खरं मानायचं का? न्यूमोनिया फेब्रुवारी-मार्चात असतोच. तिथे त्याला ‘विंटर फीव्हर’ही म्हणत. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर हा तापाचा हंगाम इतका फिका कसा?

उत्तर आजारात नव्हतं, आठवणीत होतं. जूनमध्ये विचारलं तर एप्रिलचा मृत्यू ताजा असतो, सप्टेंबरचा नऊ महिने जुना. त्यात तान्हं मूल असेल तर मालकाच्या लेखी ते विसरायलाच होतं. काही घरं कर्ता गेल्यावर मोडली, उरलेली माणसं टेक्सासकडे गेली, आणि त्यांचा मृत्यू सांगायला दारात कोणी उरलं नाही. म्हणजे ज्या हंगामात मलेरिया मारतो, नेमका तोच हंगाम गणनेपासून सगळ्यात लांब पडतो. जनगणनेचे अधीक्षक जे. डी. बी. डी बो, स्वतः गुलामगिरीचे कट्टर पुरस्कर्ते, त्यांनीही १८५४ मध्ये एकूण मृत्यूंच्या या आकड्यांना फारशी किंमत नाही असं सरकारी प्रकाशनातच कबूल केलं होतं.

आकडे फुगवून ‘दुरुस्त’ करावेत असा एक सूर होता. तो सोडून दिला, कारण दुरुस्तीचा गुणक कुठून आणायचा? त्याऐवजी दोन गोष्टी केल्या. महिन्यांची तुलना थांबवून एकाच महिन्यातल्या कारणांची आपसांत तुलना केली. आणि जिथे मिळाल्या तिथे मळ्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या. टॉमस ॲफ्लेक याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस छापून विकायला काढलेल्या हिशेबवह्यांत जन्म-मृत्यूची पानं असत. मुकादम कापसाच्या वजनांसोबत तीही भरत असे. या वह्यांशी ताडून पाहिल्यावर तक्त्यातून गळलेले मृत्यू दिसले, आणि ते बहुतेक तान्ह्या मुलांचे, उन्हाळा-शरदातले होते.

दुसरा निर्णय: ताप

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत गावकामगारांच्या मृत्यूनोंदीत पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार अशी मोजकी शीर्षकं असत, आणि जे कळेना ते ‘ताप’ या शीर्षकाखाली जाई. अलाबामात शीर्षकं ठरलेली नव्हती, पण तापाला विशेषणं ढीगभर होती: बिलियस, रेमिटंट, इंटरमिटंट, कंजेस्टिव्ह, टायफॉइड, ब्रेन फीव्हर.

यातलं ‘टायफॉइड’ सर्वांत फसवं. फिलाडेल्फियाच्या विल्यम गेऱ्हार्डने १८३७ मध्ये टायफस आणि टायफॉइड वेगळे दाखवले होते, पण खेड्यात ‘टायफॉइड’ हे बऱ्याचदा रोगाचं नाव नसून रोग्याच्या अवस्थेचं विशेषण असे: ग्लानीत पडलेला, बरळणारा. ‘टायफॉइड न्यूमोनिया’ म्हणजे विषमज्वर नव्हे, तर ग्लानी आलेला न्यूमोनिया. इथे आजाराचे दिवस कामाला येतात.

कंजेस्टिव्ह चिल, सप्टेंबर, वय २४, आजार २ दिवस. ही ओळ फाल्सिपेरम मलेरियाकडे, म्हणजे मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकाराकडे बोट दाखवते. थंडी वाजून बेशुद्ध पडणं आणि दोन-तीन दिवसांत संपणं. दर्जा ख.

टायफॉइड फीव्हर, नोव्हेंबर, वय १९, आजार २६ दिवस. तीन-चार आठवडे रेंगाळलेला ताप, तरुण वय. विषमज्वर, दर्जा ख. त्याच घरात महिन्याभरात दुसरी तशीच ओळ असेल तर खात्री आणखी वाढते.

बिलियस फीव्हर, ऑक्टोबर, वय ४०, आजार ९ दिवस. इथे गटात एकमत झालं नाही. मलेरिया म्हणायला जागा आहे, पण नऊ दिवसांत बरंच काही बसतं. ग. पहिल्या फेरीत अशा सगळ्या ओळी मलेरियात गेल्या होत्या. आता ‘अनिश्चित ताप’ हा गट मोठा दिसतो आणि तो तसाच ठेवला.

काळ्यांना ताप बाधत नाही, असा मालकवर्गाचा लाडका दावा होता, आणि दलदलीत राबवायला तो सोयीचा पडे. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेकांना तांबड्या पेशींवरचा डफी घटक नसल्याने व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, सिकलसेलचा एक जनुक असलेल्यांना फाल्सिपेरमपासून काही प्रमाणात, हे आज ठाऊक आहे. पण सप्टेंबरच्या ओळी पाहिल्या तर ‘बाधत नाही’ हे सरळ खोटं आहे.

तिसरा निर्णय: नवव्या दिवसाच्या आकड्या

(नाव नाही), ७/३०, मुलगा, काळा, गुलाम, मार्च, ‘फिट्स’, आजार २ दिवस.

पहिल्या फेरीत हे ‘झटके, अनिर्दिष्ट’ या संकेतांकाखाली गेलं होतं. पण वय पाहा. पहिले दोन-तीन दिवस मूल नीट दूध ओढतं, नीट रडतं. मग एके दिवशी स्तन तोंडात घेतं आणि ओढता येत नाही. जबडा उघडत नाही. हात लावला, दार वाजलं, तरी अंग ताठ होतं, पाठ कमानीसारखी वाकते. दोन-चार दिवसांत संपतं. जन्मानंतर तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसात हे झालं तर नवजात धनुर्वात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. दक्षिणेत त्याचं घरगुती नाव ‘नाइन-डे फिट्स’, डॉक्टरी नाव ‘ट्रिस्मस नॅसेंटियम’. पाचवी-सहावीची रात्र सटवाईच्या नावाने जागवणाऱ्या आपल्या आज्यांना हा काळ का धोक्याचा, ते वेगळं सांगावं लागलं नसतं.

कारण साधं होतं: मातीची जमीन, जवळ घोड्यांची पागा, शेणमातीत धनुर्वाताचे बीजाणू, नाळ हाताशी असेल त्या कात्रीने कापलेली, वर चरबी आणि जळक्या चिंधीची पट्टी. पण जंतू १८८४ मध्ये दिसला आणि १८८९ मध्ये किटासातो या जपानी शास्त्रज्ञाने तो वेगळा केला. १८४० च्या दशकात माँटगोमेरीच्या डॉक्टर जे. मॅरियन सिम्सने दोष डोक्याच्या मागच्या हाडाला दिला, आणि गुलाम आयांच्या तान्ह्या मुलांच्या कवटीची हाडं चांभाराच्या आरीने उचलून पाहिली. मुलं मेली. सिम्सने सुइणींनाही दोष दिला होता.

नियम असा केला: वय ३ ते १४ दिवस, कारण ‘फिट्स’, ‘स्पॅझम’, ‘लॉकजॉ’ किंवा ‘नाइन-डे’, आजार चार दिवस वा कमी, तर ए३३, दर्जा ख. निकष अठ्ठावीस दिवसांचा असला तरी चौदावर थांबलो, कारण पुढच्या झटक्यांत मेंदूज्वर आणि इतर कारणं मिसळतात. यात काही खरे धनुर्वात सुटत असणार. त्याहून मोठी गळती अशी की पंधरवडाही न जगलेली अनेक मुलं मळ्याच्या वहीतच चढत नसत. मळ्यांच्या वह्यांवरून संशोधकांनी काढलेला अंदाज गुलामांच्या तान्ह्यांमध्ये वर्षाच्या आत हजारी सुमारे साडेतीनशे मृत्यूंचा आहे. काउंटीच्या तक्त्यातून तेवढे निघतच नाहीत.

चौथा निर्णय: अंगाखाली गेलेली मुलं

सर्वांत जास्त वाद इथे झाला. रकान्यात ‘ओव्हरलेड’ किंवा ‘स्मदर्ड’: आई झोपेत कुशीवर वळली आणि मूल गुदमरलं. पहिल्या फेरीचा संकेतांक डब्ल्यू७५, अंथरुणात अपघाती गुदमरणं.

वय लावून पाहिल्यावर ओळी दोन ते चार महिन्यांपाशी गोळा झाल्या. महिना लावल्यावर त्या हिवाळ्यात. झोपेत चिरडलं जाण्याचा धोका पहिल्या आठवड्यांतल्या दुबळ्या मुलाला जास्त असायला हवा, तिसऱ्या महिन्यातल्याला नाही. हा आकार आजच्या अचानक बालमृत्यूचा आहे, आर९५. याच पुराव्यावर १९८१ मध्ये एका इतिहासकाराने दक्षिणेतल्या आयांवरचा आळ मोडून काढला होता. प्रसूतीच्या अगदी आधीपर्यंत शेतात राबलेल्या आईचं कमी वजनाचं मूल या मृत्यूला जास्त बळी पडतं, हेही त्याच्याशी जुळतं.

मग सगळ्या ओळी आर९५ मध्ये टाकायच्या? एका बाजूचं म्हणणं हो. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, थंड खोली, एकाच अंथरुणात तीन-चार जणं, पहाटेपासून राबलेली आई, रडतं मूल निजवायला दिलेला अफूचा अर्क. खरं गुदमरणंही होतंच. मूल गुलामीत वाढू नये म्हणून आईनेच मारलं, अशी शक्यता मांडणारेही आहेत. एकेका ओळीतून यातलं काहीच वेगळं करता येत नाही. शेवटी ‘झोपेत अचानक’ असा स्वतंत्र गट केला, अपघातांतून बाहेर काढला, रोगांत घातला नाही, आणि मूळ शब्द शेजारी ठेवला. अपघातांची बेरीज त्यामुळे उतरली आणि तिच्यात खरे अपघात दिसू लागले. त्यात ठळक होतं ते भाजणं: सुती झगा, उघडी चूल, आणि मोठी माणसं शेतात असताना जेमतेम थोड्या मोठ्या पोरीच्या हवाली केलेली लहान मुलं.

दात, जंत, सूज

हे लवकर आटोपलं. ‘दात येणं’ हे कारण सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांचं, उन्हाळ्यातलं. दात येताना जुलाब होतात असं आजही घरोघर म्हणतात. खरं तर याच वयात मूल वरचं खाऊ लागतं, जमिनीवरचं तोंडात घालतं. जून ते सप्टेंबरातल्या ओळी ए०९, ख, बाकी ग. ‘जंत’ तक्त्यात एवढे का? मरणाऱ्या मुलाच्या तोंडातून किंवा शौचातून जंत पडलेला दिसला की कारण सापडल्यासारखं वाटे. शिवाय जंतांवर दिलं जाणारं चंदनबटव्याच्या जातीच्या झाडाचं तेल लहान मुलाला स्वतःच विषारी. ‘ड्रॉप्सी’ म्हणजे अंगावरची सूज, रोग नव्हे, लक्षण. हृदय, मूत्रपिंड, रक्तक्षय, काहीही. ग.

‘माती खाणं’ मात्र थोडं थांबून पाहावं लागलं. त्याला ‘कॅकेक्सिया आफ्रिकाना’ असं भारदस्त नाव होतं, आणि उपाय म्हणून तोंडावर धातूचा मुखवटा बसवत. फिकट, फुगलेला, दम लागणारा तरुण: हे आकडेकृमीचं आणि लोह कमी पडल्याचं चित्र आहे. तो कृमी अमेरिकेत १९०२ मध्ये ओळखला गेला. संकेतांक सवयीचा न लावता रक्तक्षयाच्या शंकेचा लावला, दर्जा ख.

एक कारण कुठल्याच रकान्यात नाही: कॅलोमेल. पाऱ्याचं हे औषध ताप, हगवण, काहीही असो, लाळ गळेपर्यंत देत. हिरड्या सडत, जबड्याचं मांस झडे. ‘तोंडाचं मॉर्टिफिकेशन’ (मांस सडणं) अशी ओळ दिसली की गटाने शेरा टाकला, संकेतांक नाही.

पाचवा निर्णय: जे रकान्यात येणारच नाही

फटक्यांनी मेलेला माणूस तक्त्यात नाही याचं कारण उघड आहे. प्रगणकाला उत्तर देणारा मालक किंवा मुकादम. ‘सडन’, ‘अननोन’, कधी कोरा रकाना, तरुण वय, आजार शून्य दिवस. या ओळींना हिंसा म्हणायचा अधिकार कागद देत नाही, आणि हिंसा नव्हती म्हणायचाही देत नाही. गटाने हा गट ‘सांगणाऱ्याने सांगितलं नाही’ म्हणून वेगळा दाखवला आणि कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) पंचनाम्यांशी ताडायचं ठरवलं. त्या पंचनाम्यांतही पंच गोरेच, पण जखमांचं वर्णन तरी असतं.

बाळंतिणींचंही तसंच. पंधरा ते पंचेचाळीस वयाची बाई, ‘फीव्हर’ किंवा ‘आतड्याचा दाह’, आजार पाच ते दहा दिवस, आणि त्याच मालकाच्या नावाखाली त्याच महिन्यात एक निनावी तान्हं. या दोन ओळी तक्त्यात एकमेकींपासून कधी कधी पंधरा ओळी लांब असतात. शेजारी आणल्या की बाळंतरोगाची शंका ख दर्जाला पोचते. डॉक्टर होम्सने बॉस्टनमध्ये १८४३ ला आणि डॉक्टर सेमेलवाइसने व्हिएन्नात १८४७ ला हात आणि संसर्गाचा संबंध मांडला होता. तो या खोल्यांपर्यंत पोचायला पुढची कित्येक दशकं गेली.

निष्पत्ती

शेवटच्या तक्त्यात प्रत्येक मृत्यूसाठी मूळ शब्द, व्यापक गट, संकेतांक आणि दर्जा असे चार रकाने आहेत. बेरजा फक्त व्यापक गटांच्या छापल्या, त्याही क+ख आणि ग वेगळ्या. पहिल्या दहा कारणांची यादी दिली नाही. ज्यांना ती हवी होती ते नाराज झाले. वसंताचा उंचवटा तक्त्यात राहिला, पण त्याखाली आठवणीचा दोष ठळक अक्षरांत आहे. तान्ह्या मुलांत धनुर्वात आणि उन्हाळी जुलाब वर आले, ‘झटके’ आणि ‘दात’ खाली गेले.

पुन्हा करायचं तर

मळ्यांच्या वह्या आणि पंचनामे शेवटी न उघडता सुरुवातीलाच उघडायला हवे होते. ‘आठवण’ हा दोष महिनाभर आधी दिसला असता. नियम लिहिण्याआधी दोघांनी स्वतंत्रपणे पन्नास-पन्नास ओळींना संकेतांक लावून मतभेद मोजणंही राहून गेलं. ते नंतर केलं तेव्हा ‘बिलियस’ आणि ‘ड्रॉप्सी’वरच सगळं भांडण होतं, हे कळायला नको तेवढा वेळ गेला.

आणि तक्त्याच्या तळाशी प्रगणकाला पाणी, जमीन, साथी यांवर शेरा लिहायला जागा असते. या काउंटीच्या पानांवरचे शेरे उतरवलेच गेले नव्हते, कारण डेटाबेसमध्ये त्यांना रकाना नव्हता. पुढच्या काउंटीसाठी तो रकाना वाढवला आहे, आणि त्याच्या शेजारी आणखी एक: उत्तर कोणी दिलं. गुलामांच्या ओळींमध्ये तिथे अजून एकदाही आईचं नाव लिहायची वेळ आलेली नाही.